ओळीच्या शेवटची गाठ

सकाळी कामाला बसण्याआधी कारखान्यातल्या बायका आपापले केस बांधून वर फडकं गुंडाळत. नियम जुना होता आणि त्यामागं गूढ असं काही नव्हतं. टेबलावर ज्या केसांचं काम चालायचं त्यात आपला एखादा केस मिसळला, तर तो हुडकून काढण्यात अर्धा दिवस जाई आणि उरलेला अर्धा बाईंची बोलणी खाण्यात.

बाई म्हणजे मालकीण. आणि कारखाना म्हणजे तरी काय, खाली लाँड्री आणि सलून, त्यांच्या डोक्यावर एक लांबट खोली. तीन टेबलं, रस्त्याच्या बाजूला मोठ्या खिडक्या, भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेली लाकडी डोकी. डोळे नसलेली, नाक नावापुरतं असलेली. नाटकवाल्यांसाठी आणि दवाखान्यातून येणाऱ्या बायकांसाठी इथं हातानं केसांचे टोप तयार होत. नाटकवाले त्याला टोप म्हणत आणि प्रयोग संपला की खुंटीवर फेकत. दवाखान्यातल्या बायका विग म्हणत आणि उशाशी जपून ठेवत. वस्तू एकच.

सुई तिथं वयानं सगळ्यांत लहान. खरं नाव वेगळं होतं, पण अंगानं बारीक आणि जिभेनं टोकदार, म्हणून आईनंच तिला लहानपणी सुई म्हणायला सुरुवात केली आणि पुढं सगळ्यांनी तेच धरलं. खिडकीजवळचं टेबल आईचं होतं. आता तिथं सुई बसायची.

काम सोपं होतं, फक्त संपत नसे. लाकडी डोक्याला कापूस आणि पट्ट्या लावून ते गिऱ्हाइकाच्या मापाचं करायचं. त्यावर बारीक जाळी ताणून टाचायची. मग बारीक हूकनं एका वेळी दोन-तीन केस ओढून जाळीच्या एकेका घरात गाठ मारायची. सुरुवात मानेपासून. मानेची ओळ झाली की तिच्यावरची, मग तिच्यावरची, असं चढत जायचं. कपाळावरची ओळ सगळ्यांत शेवटी. उलट करून चालत नाही, कारण वरचे केस खालच्या गाठी झाकतात.

प्रत्येकीचा हात वेगळा. लिहिणाऱ्याचं अक्षर ओळखू यावं तसा इथं गाठींवरून हात ओळखू येई. आईच्या गाठी किंचित डावीकडे झुकायच्या. आणि ओळ संपताना, कानामागं, शेवटची एक गाठ ती मुद्दाम उलट्या बाजूनं मारायची. वरून कुणाला दिसत नसे. अंगठा फिरवला तर कळे. "ही माझी सही," आई म्हणायची. हे फक्त सुईला आणि बाईंना माहीत होतं.

आजारपणात आईचे केस गेले तेव्हा बाईंनी तिला न विचारता एक डोकं तिच्या मापाचं केलं आणि त्यावर उत्तम जाळी ताणली. आई उपचारांच्या मधल्या दिवसांत कारखान्यात आली, तेव्हा ते तिच्या टेबलावर ठेवलेलं होतं. आईनं त्याच्याकडे बघितलं आणि ती खोखो हसली.

"माझ्यासाठी एकही केस गाठायचा नाही हं. सांगून ठेवते."

"अगं, पण लोक बघतात," बाई म्हणाल्या.

"बघू देत. जन्मभर दुसऱ्यांची डोकी झाकली. माझं राहू दे उघडं."

आणि ती तशीच बाजारात गेली, बँकेत गेली, कारखान्यात टोपांच्या मधोमध चकचकीत डोक्यानं बसून काम करू लागली. एका गिऱ्हाइकानं आडून आडून विचारलं, तुमच्याकडे एवढे विग असताना तुम्ही अशा कशा? "चष्म्याच्या दुकानदाराला चष्मा लागलाच पाहिजे का?" आई म्हणाली. रंगलेल्या मैफलीत हसावं तसं तेव्हा सगळं टेबल हसलं होतं. बाईंनी मापाचं ते डोकं उचलून वरच्या फळीवर ठेवलं आणि त्यावर सुती पिशवी घातली.

उन्हाळा संपता संपता आई गेली.

*

दुखायला लागलं ते त्यानंतर काही आठवड्यांनी.

आधी मानेच्या खळगीत, केस जिथं सुरू होतात तिथं. कुणीतरी दोन-तीन केस चिमटीत धरून हलकेच ओढावेत, तसं. सुईनं मागं हात नेला. काही नव्हतं. फडकं सैल केलं, पुन्हा बांधलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच, पण केसभर बाजूला.

मग ती जागा हुळहुळी झाली. कंगवा लागला की डोळ्यांत पाणी येई. ओला टॉवेल गुंडाळला तरी आग होई. आणि वेणी बारीक होऊ लागली. हे तिला आरशातून नाही, रबरावरून कळलं. रोजच्या रबराला एक वेढा जास्त बसला. पुढं अजून एक.

"घट्ट अंबाडा घालतेस ना, त्यानं मुळं ओढली जातात," शेजारच्या टेबलावरून रेडिओ म्हणाली. रेडिओचं तोंड सकाळी एकदा सुरू झालं की संध्याकाळी पायऱ्या उतरेपर्यंत बंद होत नसे, म्हणून ती रेडिओ. "नाहीतर पाणी बदललं असेल. नाहीतर थायरॉइड. माझ्या जावेला थायरॉइड निघालं तर ओंजळ-ओंजळ केस जायचे."

"तुझ्या जावेला सगळंच निघतं."

"हस तू. तिला आधी रक्त कमी निघालं, मग थायरॉइड. जेवतेस का नीट?"

"जेवते."

"झोपतेस?"

सुईनं हूकमध्ये केस अडकवला आणि ओढला. त्याच क्षणी तिच्या मानेवर कुणीतरी ओढला.

तिनं हातातलं काम खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं नाही. मानेवर मात्र काम चालूच राहिलं.

त्वचेची डॉक्टर तिच्याच वयाची होती, घाई न करणारी. तिनं सगळं विचारलं. पाळी नियमित आहे का, ताप येऊन गेला का, वजन एकदम उतरलं का, काही गोळ्या चालू आहेत का, केसांना रंग लावता का. मग मोकळेपणानं समजावून सांगितलं. अंगात लोह कमी असेल तर केस विरळ होतात. थायरॉइडनं होतात, हार्मोन्स बिघडले तरी होतात. रोज ताणून बांधले तर कडेचे जातात. रंगाची किंवा एखाद्या रसायनाची ॲलर्जी असेल तर टाळू हुळहुळते, दुखते. डोक्याच्या त्वचेला सूज असेल तरी दुखते.

"आणि घरात कुणी गेलं असेल," ती जरा थांबून म्हणाली, "तर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. धक्का शरीराला उशिरा कळतो. असे गेलेले केस बहुधा परत येतात."

"आई गेली," सुई म्हणाली.

डॉक्टरनं मान हलवली. मग उठून तिनं सुईच्या डोक्यावरची एक बट बोटांत धरली आणि मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढली. बोटांत एकही केस आला नाही. दुसरीकडे ओढून बघितलं. तिथंही नाही. भिंग घेऊन ती मानेपाशी बराच वेळ बघत राहिली.

"गमतीशीर आहे. गळण्याची लक्षणं नाहीत. मुळं चांगली आहेत, सूज नाही. केस मात्र नाहीत." तिनं भिंग ठेवलं. "बायकांचे केस बहुतेक भांगात विरळ होतात, नाहीतर कपाळाच्या कडेनं. तुमचे खालून चाललेत. रक्त तपासू. आणि एक करा, दिवसभरात गळतील तेवढे केस गोळा करून आणा. कंगव्यातले, उशीवरचे, न्हाणीतले."

सुईनं पांढरा अभ्रा घातला. न्हाणीच्या जाळीवर मलमल बांधली. कंगवा कागदावर झटकला. केसांत वाढलेली मुलगी ती, कुठं बघायचं ते तिला कुणी शिकवायला नको होतं. आठवडाभर बघून तिच्या हाती एक केस लागला, आणि तो रेडिओचा होता.

रक्तात सगळं ठीक निघालं.

*

मावशीचा फोन आला. तिच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं.

"किती विरळ झालेत म्हणे तुझे. हे बघ, घरचाच धंदा आहे. एक छानसा टोप बसवून ये. फोटो जन्मभर राहतात."

"मी नाही बसवणार."

"अगं, चारचौघांत..."

"मावशी, तू आईलाही हेच म्हणाली होतीस."

"तुम्ही दोघी सारख्याच हट्टी," मावशी म्हणाली आणि नाक ओढत तिनं फोन ठेवला.

सुई हट्टी होतीच. मावशीला नाही म्हणून झालं होतं, आता त्या दुखण्याला म्हणायचं होतं. त्यासाठी ते आधी कळायला हवं. तिनं त्याच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली, चोरावर ठेवतात तशी. पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती ही, की सुट्टीच्या दिवशी दुखत नाही.

"म्हणजे तुझं डोकंही नोकरीला आहे," रेडिओ म्हणाली.

बाईंना वाटलं, केस धुवायच्या पाण्यात आपण जे औषध घालतो त्याचा त्रास असेल. त्यांनी सुईला जबरदस्तीनं रजा दिली. "घरी बस. कारखान्याची हवा नको, वास नको. बघू काय फरक पडतो."

सुई घरी बसली. खिडकीत खुर्ची, हातात पुस्तक, केस मोकळे. सकाळचं ऊन टेबलावर आलं, म्हणजे तिकडे कारखान्याचं कुलूप निघालं असेल, असा विचार तिच्या मनात आला आणि मानेवर पहिला हिसका बसला.

ती हलली नाही. नुसतं मोजल्यासारखं ऐकत राहिली. ओढ, थांब. ओढ, थांब. घाई नाही, आळस नाही. लय ओळखीची होती. ती लय तिनं पाळण्यात असल्यापासून ऐकली होती.

दुपारी ते एकाएकी थांबलं. सुईनं पुस्तकातून डोकं वर काढलं. शांतता. डोक्याला नुसता वारा लागत होता. तिनं घड्याळाकडे बघितलं. कारखान्यात या वेळी चहा येतो. सगळ्याजणी हूक खाली ठेवतात, हात पुसतात, रेडिओ आपल्या जावेचं काहीतरी काढते.

एक कप चहा पिऊन व्हावा एवढा वेळ गेला.

मग पुन्हा सुरू झालं.

*

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली ती रजा मोडूनच. कुणाशी न बोलता तिनं गिऱ्हाइकांचा मोठा आरसा ओढला, दुसरा हातात घेतला, मागची बाजू दिसेल असे दोन्ही धरले आणि मानेवर आलेले केस वर उचलले.

विरळ हा शब्दच चुकीचा होता. मानेपासून कानांच्या वरपर्यंत केस जवळजवळ नव्हतेच, आणि जिथं ते संपले होते तिथली कड सरळ होती. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, दोरी धरून आखल्यासारखी. कुठल्याही आजाराला इतकी सरळ रेघ काढता येत नाही. त्या कडेच्या अगदी वरची ओळ डावीकडून अर्धी गेली होती आणि उजवीकडून अर्धी शिल्लक होती. काम अर्धवट ठेवून कुणी उठलं की जाळीवर अशीच ओळ दिसते.

मानेपासून वर. कपाळ शेवटी.

"हे गळत नाहीयेत," सुई म्हणाली. "हे नेले जातायत."

रेडिओनं आरशात बघितलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती गप्प झाली.

इथून नेले जात असतील तर कुठंतरी लागत असले पाहिजेत. सुईनं भिंतीकडे बघितलं. पहिल्या फळीवरची डोकी नाटकाची, सगळी ओळखीची. दुसरीवरची दवाखान्याची. तिसरीवर नुसतं उघडं लाकूड. सगळ्यांत वर, कोपऱ्यात, एक सुती पिशवी.

"बाई," ती म्हणाली, "आईचं डोकं तुम्ही मोकळं केलं होतं ना?"

ऑर्डर रद्द झाली की त्याच दिवशी डोकं मोकळं करायचं, जाळी उतरवायची, कापूस सोडायचा, हा कारखान्याचा पहिला नियम. मापाचं डोकं रिकामं ठेवायचं नाही. का, असं कुणी विचारलं तर बाई म्हणत, जागा अडते. नाटकवाल्यांनी शब्द फिरवला तरी संध्याकाळच्या आत डोकं मोकळं होई. बाई त्याबाबतीत फार कडक होत्या.

बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसला. "तिच्यासमोर कसं सोडणार होते गं? आणि नंतर... हात होईना माझा. तिच्या कपाळाचं माप होतं ते. दोन्ही हातांत धरलं की तीच वाटायची."

खालून बेल वाजली. कुणीतरी माप द्यायला आलं होतं. "तुम्ही जा खाली," सुई म्हणाली, "सगळ्याजणींना न्या."

"एकटी नको काढूस," बाई म्हणाल्या.

"एकटीच काढणार."

*

पिशवीला धूळ होती. आतून मात्र ती फुगली होती.

सुईनं ते डोकं खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं आणि पिशवी वर ओढून काढली.

लांब केस टेबलावर ओघळले. सुईचेच. टोकांना जरा तांबूस, उन्हात धरले की कळे असे. मानेपासून कानांच्या वरपर्यंत जाळी दाट भरली होती. वरच्या ओळीचा डावा अर्धा भाग झाला होता, उजवा बाकी होता. त्यापुढं कपाळापर्यंत जाळी कोरी होती.

तिनं भिंग घेतलं. कोपर टेबलाला टेकवलं.

गाठी डावीकडे झुकल्या होत्या.

सुईनं भिंग खाली ठेवलं. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी लावत होतं, मागं, अजून मागं, बास, असा आवाज येत होता. आईच्या हाताचं घरात काही उरलं नव्हतं. कपडे मावशीनं वाटून टाकले होते, औषधं दवाखान्यानं परत घेतली होती. आणि इथं आईचा हात होता, ताजा, चालता. तिला केस हवे असतील तर. तिनं आयुष्यात काही मागितलं नव्हतं. सुईच्या मनात आलं, पिशवी परत घालावी आणि आपल्या जागेवर बसून राहावं. कपाळापर्यंत पोचायला असा किती वेळ लागणार होता? केसच तर होते.

आणि केस संपल्यावर?

ती तशीच बसून राहिली. मानेच्या वर, उजवीकडे, हिसका बसला. तिच्या डोळ्यांसमोर कोऱ्या जाळीत एक गाठ जास्त झाली. हूक दिसला नाही, हात दिसला नाही. जाळी नुसती किंचित आत ओढली गेली आणि सुटली.

ओळ कानामागं जिथं संपते तिथं सुईनं अंगठा नेला. खालची पहिली ओळ. अंगठा हळूच कडेपर्यंत सरकवला. तिला ती गाठ तिथं हवी होती. इतकी हवी होती, की तिनं श्वास रोखून धरला होता.

गाठ सरळ होती.

दुसरी ओळ. सरळ. तिसरी. शेवटपर्यंत सगळ्या सरळ.

सुई उठून उभी राहिली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिला धडधडीत, निरोगी राग आला.

"नक्कल चांगली आहे," ती त्या डोक्याला म्हणाली. रिकाम्या खोलीत तिचा आवाज मोठा वाटला. "गाठ छान झुकवलीस. पण आईच्या ओळीच्या शेवटची गाठ उलटी असते. तुला ते ठाऊक नाही. आणि माझी आई कुणाच्या डोक्यावरचा केस न विचारता घेत नव्हती. एकही केस गाठायचा नाही म्हणाली होती ती. तू कोण आहेस ते मला नाही माहीत, पण तू ती नाहीस."

डोकं गप्प. लाकूडच ते.

तिनं हूक उलटा धरला आणि पहिली गाठ उसवली.

मानेवर सुई खुपसावी तशी कळ आली.

तिनं दुसरी उसवली. पुन्हा तीच कळ, शेजारी. मधेच वरच्या ओळीत एक नवी गाठ बसली. सुईनं ती आधी सोडवली आणि मग खाली वळली. ते एक गाठ मारी, ही दोन सोडवी. ही हात भरभर चालवू लागली तसं तेही भरभर चालू लागलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं बाहीला पुसलं. जन्मभर गाठी मारणाऱ्या बाईच्या मुलीशी गाठ पडली आहे म्हणावं.

चहा आला. दारातून रेडिओनं आत बघितलं, कप खाली ठेवला आणि ती उलट पावली गेली.

वरचं काम थांबलं. चहाची वेळ होती.

सुई थांबली नाही.

तेवढ्या वेळात तिनं उरलेलं सगळं मोकळं केलं. जाळी उतरवली. फाडली. पट्ट्या कापल्या, कापूस ओरबाडून काढला. आईच्या कपाळाचा, कानांचा, मानेचा आकार तिच्या हातात सुटा झाला, आणि खाली उरलं ते साधं लाकूड, कुणाचंही नसलेलं.

कप गार झाला. चहाची वेळ संपली. सुई मान ताठ करून वाट बघत उभी राहिली.

काही झालं नाही.

*

संध्याकाळी ती खालच्या सलूनमध्ये गेली आणि खुर्चीत बसली. दाढी करून घेणारे दोन पुरुष आरशातून तिच्याकडे बघू लागले.

"सगळे काढा," ती न्हाव्याला म्हणाली.

"ताई, घरी विचारलंय का?"

"डोकं माझं आहे."

न्हाव्यानं खांदे उडवले. मशीन मानेवरून वर फिरलं. जे उरलं होतं ते सगळं खाली पडलं, आणि यावेळी ते फरशीवर होतं, दिसत होतं, सुईनं त्याच्याकडे समाधानानं बघितलं. घे आता कुठून घेतेस ते.

लग्नाला ती तशीच गेली. निळी साडी, आईचे कानातले, चकचकीत डोकं. मांडवात कुजबुज झाली. एका काकूंनी हळूच विचारलं, काही आजार? "नाही. हौस," सुई म्हणाली. मावशी लांबून तरातरा आली ती रागवायलाच, पण जवळ आल्यावर तिचा चेहरा बदलला. तिनं दोन्ही हात सुईच्या डोक्यावर ठेवले.

"मेले, अगदी तिच्यासारखी दिसतेस," ती म्हणाली आणि रडायला लागली. फोटोत दोघी शेजारी उभ्या राहिल्या.

मग दुखणं गेलं. कंगवा नव्हताच, पण टॉवेल लागला तरी काही होत नसे. रोजची कामं सुरू झाली. डोक्यावर आधी सावली आली, मग खरखर, मग खरे केस. सुईनं डॉक्टरला फोटो पाठवला. धक्क्यानं गेलेले असेच परत येतात, असं डॉक्टरनं लिहिलं, आणि शेवटी एक हसरा चेहरा. हिवाळा सरता सरता केस बोटभर झाले. दाट, आधीपेक्षा दाट. मानेपासून वर भरत गेले, कपाळावरचे सगळ्यांत शेवटी आले.

फणी फिरवताना ती मुळाशी जराशी अडके. नवे केस आहेत, सुईला वाटलं.

त्या दिवशी दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. रेडिओ जावेच्या नव्या आजाराचं सांगत होती. बाई सुईच्या मागून जाता जाता थांबल्या.

"बघू तरी कसे आलेत," त्या कौतुकानं म्हणाल्या आणि त्यांनी सुईच्या मानेवर अंगठा टेकवला. सवयीचा अंगठा, तयार टोपावरून फिरवतात तसा. तो खळगीपासून निघाला आणि थोडा पुढं जाऊन मंदावला.

"बाई?"

अंगठा पुन्हा मागं आला, पुन्हा निघाला. रेडिओ बोलायची थांबली.

"गाठी आहेत," बाई अगदी हळू म्हणाल्या. "एकेका मुळाशी. डावीकडे झुकल्यात."

सुईनं मान ताठ ठेवली. समोरच्या फळीवर लाकडी डोकी ओळीनं मांडली होती, मोकळी. त्या दुपारी रिकाम्या खोलीत आपण मोठ्यानं काय काय बोललो होतो, त्यातला एकेक शब्द तिला आठवू लागला.

बाईंचा अंगठा ओळीच्या कडेनं सरकत तिच्या कानामागं आला आणि तिथं थांबला.

"आणि ही शेवटची," बाई म्हणाल्या, "उलटी आहे."